निष्ठेचं कंत्राट

परवा शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत आमच्या टेबलावर भांडण झालं. विषय क्रिकेट नव्हता, राजकारण नव्हतं, पगारवाढसुद्धा नव्हती. विषय होता केन रॉक्सन. आता तुमच्यातल्या निम्म्या मंडळींनी "हा कोण बुवा?" म्हटलं असेल. सांगतो, पण आधी भांडण.

जानेवारी २०२४ मध्ये इथे पुण्यात, बालेवाडीच्या क्रीडासंकुलात, इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली. तेव्हापासून आमच्या टीममधल्या तीन-चार जणांना या मातीतल्या रेसिंगचं वेड लागलंय. (मला आधीपासून आहे. पण सीनियॉरिटीचा फायदा इथेही कोणी देत नाही.) ही मंडळी अमेरिकेतल्या सुपरक्रॉसच्या जुन्या रेसेस एकामागून एक बघत सुटली आहेत, आणि बघता बघता २०२२ पर्यंत, म्हणजे रॉक्सनने होंडा सोडली त्या वर्षापर्यंत पोचली. तर माझा एक सहकारी, माझ्यापेक्षा चारेक वर्षांनी मोठा, डब्याचं झाकण लावता लावता म्हणाला, "काही म्हण, माणूस नमकहराम निघाला. हात तुटला तेव्हा होंडाने सांभाळलं आणि हा बरा झाल्यावर चालला सुझुकीकडे."

मी काहीतरी तुटक उत्तर दिलं, आवाज चढला, कोणीतरी "अरे जाऊ द्या, स्टँडअपची वेळ झाली" म्हणालं आणि उठलो. दोन दिवस ते वाक्य डोक्यात घोळतंय. म्हणून आता सविस्तर. मित्रा, तू हे वाचणार आहेस हे माहितीये, वाईट वाटून घेऊ नकोस.

तर रॉक्सन. जन्म १९९४ चा, जर्मनीतल्या थुरिंगिया भागातल्या माटश्टेट नावाच्या खेड्यातला. २०११ मध्ये सतराव्या वर्षी एमएक्स-२ चा विश्वविजेता. मग अमेरिकेत जाऊन २०१४ मध्ये ४५० सीसीच्या मैदानी मोटोक्रॉसचं अजिंक्यपद, केटीएमवर. लगेच पुढच्या सीझनला केटीएम सोडून सुझुकीवाल्या आरसीएच टीमकडे गेला आणि २०१६ मध्ये तेच अजिंक्यपद सुझुकीवर पुन्हा. मग २०१७ ला होंडाची फॅक्टरी टीम. म्हणजे टीम बदलणं हा काही त्याला २०२२ मध्ये झालेला साक्षात्कार नव्हता. होंडानेसुद्धा त्याला असाच दुसऱ्याच्या अंगणातून उचलून आणला होता. तेव्हा नाही कोणी सुझुकीच्या मिठाचा हिशेब काढला?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सुपरक्रॉस म्हणजे मोटोक्रॉसच, पण स्टेडियमच्या आत. एरवी जिथे अमेरिकन फुटबॉल चालतो तिथे ट्रकच्या ट्रक माती ओतून ट्रॅक बांधतात. जानेवारी ते मे, सतरा फेऱ्या, जवळजवळ दर शनिवारी. मुख्य रेस वीस मिनिटं अधिक एक लॅप. उड्या अशा की गाडी दोन मजले वर जाते, आणि मध्ये 'वूप्स' नावाची छोट्या उंचवट्यांची रांग, जिच्या नुसत्या माथ्या-माथ्यांवरून गाडी न्यायची असते. तिथे मागचं चाक जरा वाकडं गेलं की संपलं. उन्हाळ्यात हेच लोक उघड्या मैदानात मोटोक्रॉस खेळतात. एका दिवशी दोन रेसेस, प्रत्येकी तीस मिनिटं आणि वर दोन लॅप. शरीराला सुट्टी अशी कधी नाहीच.

होंडावर रॉक्सनची सुरुवात स्वप्नासारखी झाली. ७ जानेवारी २०१७ ला अ‍ॅनाहाइमची पहिली रेस जिंकली. १४ जानेवारीला सॅन डिएगोची दुसरी जिंकली. आणि २१ जानेवारीला, तिसऱ्याच फेरीत, पुन्हा अ‍ॅनाहाइममध्येच, एका उडीवर गाडी हातातून गेली आणि तो हवेतून फेकला गेला.

इथे जरा थांबतो, कारण आपण 'हात तुटला' असं फार सहज म्हणतो. प्लास्टर, दीड महिना, वर मित्रांच्या सह्या. तसलं हे नव्हतं. डाव्या हाताचं हाड मोडून बाहेर आलं होतं, मनगट आणि कोपर दोन्ही निखळले होते. त्यात कंपार्टमेंट सिंड्रोम. म्हणजे काय, तर हातातले स्नायू गच्च आवरणांच्या कप्प्यांत बसलेले असतात. आत सूज वाढली की कप्पा ताणत नाही, दाब वाढतो, रक्त फिरेनासं होतं आणि आतला मांसल भाग मरायला लागतो. मग तो दाब सोडवायला हात चक्क उभा चिरून उघडा ठेवावा लागतो. अकरा शस्त्रक्रिया झाल्या. हात कापावा लागतो की काय इथपर्यंत गोष्ट गेली होती. वय किती? बावीस.

आणि डावा हात म्हणजे क्लच. सुपरक्रॉसमध्ये क्लच हे काही सिग्नलला गियर टाकण्यापुरतं प्रकरण नाही, दर वळणातून बाहेर पडताना, दर उडीच्या आधी बोटं त्यावर खेळत असतात. शिवाय उतरताना सगळा धक्का मनगट आणि कोपर घेतात. पूर्ण न वळणारं कोपर घेऊन ही गाडी चालवायची म्हणजे तबलजीने एका हाताची तीन बोटं बांधून मैफल करायची.

हा माणूस ६ जानेवारी २०१८ ला, त्याच अ‍ॅनाहाइमला, पुन्हा स्टार्ट गेटवर उभा होता. वर्षाच्या आत.

पाच आठवड्यांनी, १० फेब्रुवारीला सॅन डिएगोत, कूपर वेबशी झालेल्या धडकेत त्याचा उजवा हात वेबच्या मागच्या चाकात गेला. आता दुसरा हात. पुन्हा ऑपरेशन, पुन्हा सीझन बाद. २०१९ मध्ये धड दिसायला लागला, पण ताकद पुरेना. मध्येच बॅटरी उतरल्यासारखा मागे पडायचा. नंतर निदान झालं एप्स्टाइन-बार विषाणूचं. ११ जानेवारी २०२० ला सेंट लुईसमध्ये त्याने सुपरक्रॉसची मुख्य रेस जिंकली. आधीचा विजय १४ जानेवारी २०१७ चा. मी कॅलेंडर काढून मोजलं, तीन वर्षांना फक्त तीन दिवस कमी.

आता माझ्या मित्राचा मुद्दा. "या सगळ्या काळात होंडाने त्याला ठेवलं ना?" ठेवलं. त्याचं श्रेय होंडाला द्यायलाच हवं, मी देतो. दुसऱ्या हातानंतर एखाद्या टीमने हात वर केले असते (शब्दश्लेष अनवधानाने, माफ करा). त्यांनी सीट ठेवली, गाडी ठेवली, मेकॅनिक ठेवले. पण का ठेवली? दया म्हणून? २०२० मध्ये तो जिंकायला लागला. २०२१ च्या सुपरक्रॉसमध्ये शेवटपर्यंत वेबशी झुंजून दुसरा आला. २०२२ ची अ‍ॅनाहाइमची पहिली रेस जिंकली, लाल गाडीवर, होंडाचा बिल्ला छातीवर लावून. होंडाने दुरुस्त होऊ शकणाऱ्या आणि दुरुस्त झाल्यावर जिंकू शकणाऱ्या रायडरवर पैसे लावले आणि बऱ्यापैकी वसूल केले. चांगला व्यवहार होता, दोन्ही बाजूंनी. व्यवहाराला व्यवहार म्हटल्याने तो घाणेरडा होत नाही. पण त्याचं नंतर 'उपकार' असं नामांतर करून त्यावर व्याज लावायचं, हे मात्र मला झेपत नाही.

मग २०२२ मध्ये झालं काय? अमेरिकन मालिका फेल्ड कंपनी चालवते आणि वर्षानुवर्षं तीच जागतिक अजिंक्यपद मालिकाही मानली जायची. २०२१ च्या अखेरीला फेल्ड आणि एफआयएम वेगळे झाले, आणि २०२२ मध्ये वर्ल्ड सुपरक्रॉस नावाची स्वतंत्र मालिका सुरू झाली. पहिल्या वर्षी दोनच फेऱ्या, ऑक्टोबरमध्ये, कार्डिफ आणि मेलबर्न. रॉक्सनला ती खेळायची होती. त्या वर्षी तब्येतीमुळे त्याने अमेरिकन सुपरक्रॉस मध्येच सोडलं होतं आणि त्याला त्याच्या वेळापत्रकावर स्वतःचा ताबा हवा होता. २०२३ च्या कराराची बोलणी याच मुद्द्यावर अडली आणि दोघांचे रस्ते वेगळे झाले. तो वर्ल्ड सुपरक्रॉसला गेला आणि पहिलंच अजिंक्यपद जिंकून आला. गंमत म्हणजे गाडी होंडाच होती, फक्त टीम दुसरी! म्हणजे नमक होंडाचं, जिंकला होंडावर, आणि ठरला हराम. हे लॉजिक कोणीतरी मला फ्लोचार्ट काढून समजवा.

करार संपत आला होता. एका बाजूने अट घातली, दुसऱ्याला ती पटली नाही. कोणी कोणाला फसवलं नाही, मध्यरात्री खिडकीतून उडी मारून कोणी पळालं नाही.

आता निष्ठा हा शब्द आपण उलट्या दिशेने वापरून बघू. रॉक्सनने २०१६ चं अजिंक्यपद ज्या आरसीएच टीमला मिळवून दिलं ती टीम २०१७ च्या अखेरीस बंद झाली. मग अमेरिकेत सुझुकीचा झेंडा होता जेजीआर टीमकडे, तीही २०२० नंतर बंद. जागतिक मोटोक्रॉसमधून सुझुकीने २०१७ नंतर फॅक्टरी टीम काढून घेतली. मोटोजीपीमधून २०२२ च्या शेवटी काढून घेतली, करार शिल्लक असताना. प्रत्येक वेळी रायडर, मेकॅनिक, ट्रक चालवणारे, सगळे रस्त्यावर. पत्रकात काय असतं? 'व्यावसायिक परिस्थितीचा विचार करून', 'साधनसामग्रीचं पुनर्नियोजन'. सुझुकी नमकहराम आहे असं जेवणाच्या टेबलावर म्हणालेला माणूस मला अजून भेटायचाय. कंपनी जाते तेव्हा ती स्ट्रॅटेजी असते, माणूस जातो तेव्हा ते चारित्र्य असतं.

बरं, ज्या स्टेडियममध्ये हे लोक हाडं मोडून घेतात त्याच स्टेडियममध्ये रविवारी खेळणाऱ्या एनएफएलच्या फुटबॉलपटूंची कामगार संघटना आहे. ती मालकांशी सामूहिक करार करते, त्यात दुखापतीची, पेन्शनची कलमं असतात. सुपरक्रॉसच्या रायडरांची अशी संघटना नाही. प्रत्येक जण सुटा कंत्राटदार. आपला आपण एजंट बघायचा, आपला आपण ट्रेनर बघायचा. आणि कोणी कायमचा जायबंदी झाला तर? तर 'रोड टू रिकव्हरी' नावाची एक धर्मादाय संस्था आहे, ती देणग्या गोळा करून त्याच्या कुटुंबाला मदत करते. ती उभी करणाऱ्यांत जिमी बटन आहे, जो स्वतः २००० च्या जानेवारीत सॅन डिएगोला सरावात पडला आणि मानेखाली लुळा झाला, पुढे अथक मेहनतीने पुन्हा चालायला लागला. संस्था फार मोलाचं काम करते, तिला नमस्कार. पण कोट्यवधी डॉलरच्या खेळाला आपल्या पडलेल्या माणसांसाठी झोळी फिरवावी लागते, हे बघून मालकांच्या निष्ठेबद्दल कोणी दोन शब्द बोलेल का?

"पण त्यांना पैसे किती मिळतात!" हा पुढचा मुद्दा, तोही शुक्रवारी आलाच. मिळतात. पहिल्या आठ-दहा जणांना चांगले मिळतात. बाकीचे व्हॅनमधून गाडी घेऊन फिरतात आणि मुख्य रेसला पात्र ठरले तर पुढच्या आठवड्याच्या पेट्रोलचं बघतात. आणि वरच्यांचं भांडवल तरी काय? इलाय टोमॅकचं उदाहरण घ्या. कावासाकी सोडून २०२२ ला यामाहाकडे गेला आणि पहिल्याच वर्षी अजिंक्यपद. २०२३ मध्येही गुणांत पहिला होता. ६ मे ला डेन्व्हरमध्ये, शेवटून दुसरी फेरी, रेसमध्ये पुढे असताना एका उडीवरून उतरला आणि टाचेची शीर, अ‍ॅकिलिस टेंडन, तुटली. पडला नाही, कोणी धडकलं नाही, नुसता उतरला! अजिंक्यपद गेलं होंडाच्या चेस सेक्स्टनकडे. सेक्स्टनने ते घेतलं आणि २०२४ ला केटीएमकडे गेला. सगळेच जातात. ज्याची कमाई एका शिरेवर टांगलेली आहे त्याने पुढच्या वर्षाचा विचार करायचा नाही तर कोणी करायचा?

मला हे इतकं का झोंबलं ते आता सांगतो, लपवण्यात अर्थ नाही.

पहिल्या नोकरीत असताना एका पावसाळ्यात माझी बाईक घसरली आणि डावं मनगट मोडलं. हो, डावंच. रॉक्सनच्या पुढे हे म्हणजे खरचटणं, पण प्लेट बसवावी लागली. रिलीज तोंडावर होती. मी नवव्या दिवशी लॅपटॉप मांडीवर घेऊन उजव्या हाताने टाईप करत होतो. आई खोलीत येऊन बघून जायची आणि काही बोलायची नाही, जे तिच्या बाबतीत फार वाईट लक्षण असतं. रिलीज वेळेवर गेली. मला 'डेडिकेशन'साठी सगळ्यांच्या मेलमध्ये शाबासकी मिळाली आणि ती शाबासकी मी अभिमानाने घरी दाखवली, हे आज लिहितानाही कान गरम होतात. वर्षभराने दुसरीकडे चांगली ऑफर आली, राजीनामा दिला. मॅनेजरांनी केबिनमध्ये बसवून घेतलं, चहा मागवला आणि म्हणाले, "तुझ्या वाईट काळात आम्ही तुला सांभाळलं, हे विसरू नकोस." मी इतका गोंधळलो की खरोखर "सॉरी सर" म्हणालो. नोटिशीचे पूर्ण तीन महिने मान खाली घालून काढले. चोरी केल्यासारखे. कोणाला कोणी सांभाळलं होतं, हा प्रश्न मला दुसऱ्या कंपनीत सहा महिने काढल्यावर पडला. मी चार आठवडे एका हाताने कोड लिहून त्यांची तारीख सांभाळली होती की!

म्हणून शुक्रवारी ते वाक्य, जवळजवळ त्याच शब्दांत, दही-भातावर ऐकल्यावर आवाज चढला. रॉक्सनला माझ्या वकिलीची गरज नाही. पण आपल्यासारखे पगारदार लोक, ज्यांच्या स्वतःच्या नोटिशीच्या काळात हीच टेप वाजवली जाते, तेच दुसऱ्याच्या बाबतीत मालकाची बाजू घेऊन उभे राहतात, हे मला पाहवत नाही. मित्रा, गेल्या दिवाळीच्या आधी तू स्वतः दोन ठिकाणी इंटरव्ह्यू देऊन आलास. मी कोणाला बोललो?

आता तो गेला कुठे तेही बघा. पैशाच्या राशीवर उडी मारली असं वाटत असेल तर चूक. २०२३ साठी गेला एचईपी नावाच्या खाजगी टीमकडे. गाडी सुझुकी आरएम-झी ४५०, जिच्यात २०१८ नंतर फारसा मोठा बदल झालेला नाही. त्या वेळी बाकी सगळ्या मोठ्या कंपन्यांच्या ४५० ला बटण-स्टार्ट आलेला होता, हिला किक. रेसमध्ये गाडी आडवी झाली, बंद पडली, की बाकीचे अंगठा दाबून निघणार आणि हा पाय मारत बसणार, आपल्या जुन्या स्कूटरसारखा. आम्ही इंजिनियर लोक अशा सिस्टिमला प्रेमाने 'लेगसी' म्हणतो आणि नव्या जॉइनीच्या गळ्यात मारतो. जगातली सगळ्यात सुसज्ज फॅक्टरी टीम सोडून माणूस असल्या गाडीवर जातो, तो नुसत्या चेकसाठी जात नाही. त्याने २०१६ मध्ये सुझुकीवर रेसेस जिंकल्या होत्या, ती वळणात कशी बसते हे त्याच्या अंगाला माहीत होतं. आणि वर्ल्ड सुपरक्रॉस खेळायला कोणाची परवानगी लागणार नव्हती.

११ मार्च २०२३, इंडियानापोलिस, लुकास ऑइल स्टेडियम. रॉक्सनने मुख्य रेस जिंकली. ४५० मध्ये सुझुकीचा २०१६ नंतरचा पहिला विजय. सुझुकीला शेवटचं जिंकवणाराही हाच होता. मधली सहा-सात वर्षं ती पिवळी गाडी पोडियमच्या मधल्या पायरीवर कोणी नेली नव्हती.

रेसची रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. सोमवारी पेनड्राइव्हवर घालून आणतोय. डबा टेबलावर ठेवायचा, झाकण उघडायचं, आणि शेवटचे पाच लॅप होईपर्यंत कोणी बोलायचं नाही. स्टँडअप पंधरा मिनिटं उशिरा झाला तर मी बघून घेईन.